नदीत मोठा बुल ट्राऊट नेमका कुठे शोधायचा? (अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया आणि आसपास)

ओढ्याकाठचा | ४ जुलै, सकाळी ७:१२

नमस्कार मंडळी,

मी मूळचा महाडचा, गेली पाच वर्षं कॅलगरीत. गळ टाकायला काकांनी शिकवलं, सावित्रीच्या काठावर, बांबूची काठी आणि कणकेची गोळी घेऊन. इथे आल्यावर रीतसर परवाना काढला, फ्लाय रॉड (कृत्रिम माशी फेकायची लवचीक काठी) घेतला. बो नदीवर रेनबो आणि ब्राऊन, वरच्या डोंगरी ओढ्यांत कटथ्रोट, हे ट्राऊटचे प्रकार बऱ्यापैकी मिळायला लागले. अडलंय ते बुल ट्राऊटवर. पाच वर्षांत दोन मिळाले, दोन्ही जेमतेम वीतभर.

गेल्या ऑगस्टच्या अखेरीस ओल्डमन नदीच्या वरच्या अंगाला एका पुलावर उभा होतो. खाली गडद हिरवा डोह. पाच-सात मिनिटं काही दिसेना. मग तळाशी दोन पांढऱ्या रेघा दिसल्या, खडूने ओढल्यासारख्या, आणि त्या सावकाश उघडमीट करत होत्या. त्या परांच्या कडा होत्या. मासा दिसला तो त्यानंतर, माझ्या अख्ख्या हाताएवढा लांब. लेक (वय १३) शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बाबा, हा किती वर्षं इथे असेल?"

तेव्हापासून आम्हा दोघांना त्याच जातीचा मोठा मासा एकदा हातात घेऊन परत सोडायचाय. अल्बर्टात हा मासा ठेवता येत नाही हे ठाऊक आहे, ठेवायचाही नाही. पण जागा कशी शोधायची ते उमगत नाही. कटथ्रोटच्या जागा आता नजरेला कळतात, याच्या कळत नाहीत. कोणत्या नद्या, कोणता महिना, पाण्यात काय बघायचं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कातळकडा | ४ जुलै, रात्री ९:४०

तुम्ही पाहिलात तो बुल ट्राऊटच. खालच्या परांच्या पांढऱ्या कडा ही एक खूण. पाठीवरच्या परावर काळा ठिपका किंवा काळी नक्षी अजिबात नसणं ही दुसरी आणि जास्त भरवशाची.

मी सतरा वर्षं ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नीजवळ राहतो, एल्क नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्या चार वर्षांत मीही तुमच्यासारखाच कोरडा परत यायचो, कारण मी त्याला ट्राऊट समजून शोधत होतो. नावात ट्राऊट असलं तरी हा 'चार' (इंग्रजीत char, ट्राऊटचे चुलत भाऊ) या कुळातला मासा. १९७८ पर्यंत शास्त्रज्ञही त्याला डॉली व्हार्डनच म्हणत, त्या वर्षी तो वेगळा ठरला. 'चार' कुळ म्हणजे थंडगार पाण्याचं कुळ. पाणी १५ अंशांच्या वर गेलं की याला त्रास सुरू होतो, आणि अंडी घालायला तर ९ अंशांच्या खालचं पाणी लागतं. त्यामुळे आधी थंड पाणी शोधा, मासा मग शोधा.

थंड पाणी घरबसल्या निम्मं सापडतं. नकाशा उघडा आणि नदीला मिळणारा प्रत्येक ओढा उगमापर्यंत बोटाने मागे न्या. हिमनदीखालून येतोय? उत्तरेकडे तोंड असलेल्या, उशिरापर्यंत बर्फ धरणाऱ्या उतारावरून येतोय? की उघड्या कुरणातून, गुरांच्या वाटेने, ऊन खात येतोय? पहिल्या दोहोंवर खूण करा, तिसरा सोडून द्या. मग थर्मामीटर घेऊन प्रत्यक्ष जा. छोटासा, दोरीला बांधलेला चालतो. ऑगस्टच्या दुपारी मुख्य नदी १६ दाखवते आणि शंभर पावलांवरच्या संगमात ओढा १० दाखवतो, असं कितीदा तरी पाहिलंय. अशा संगमाच्या खाली नदीत उभं राहिलं तर वेडर्समधूनही (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) एका घोट्याला गार लागतं आणि दुसऱ्याला नाही. ती गार पट्टी जिथे पहिल्या खोल डोहात उतरते, तिथे थांबायचं.

आता डोह. कटथ्रोट किडे खातो, म्हणून तो वाहत्या धारेच्या कडेला, वरच्या थरात असतो. मोठा बुल ट्राऊट मासे खातो. वाहून येणाऱ्या माशीसाठी तो ताकद घालवत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: डोक्यावर खोल पाणी, अंगाला आडोसा आणि जवळपास खाणं. उथळ खळखळाट संपून रेव एकदम खाली उतरते आणि पाण्याचा रंग पोपटीचा बाटलीसारखा हिरवा होतो, ती रेघ बघा. मोठा मासा बहुधा त्या रेघेच्या खालच्या अंगाला, तळाला पोट टेकल्यासारखा असतो. पुरात वाहून आलेल्या झाडांचा ढीग असेल तर त्याच्या सावलीत. एकच घरासारखी धोंड असेल तर तिच्या मागे नव्हे, पुढे. पाणी धोंडीवर आपटण्याआधी तिथे एक मऊ उशी तयार होते, ती जागा त्याला आवडते. आणि पाणी काठाखाली घुसून कपार झाली असेल तर तीही सोडू नका.

"खाणं जवळ" हे सगळ्यात जास्त महत्त्वाचं, आणि हेच मला उशिरा कळलं. त्याचं मुख्य खाणं व्हाइटफिश नावाचे रुपेरी मासे. डोहाच्या शेपटीकडे व्हाइटफिशचा थवा चमकताना दिसला की मी तिथून हलत नाही.

एक प्रसंग सांगतो. सहाव्या वर्षी सप्टेंबरात मित्राच्या गळाला दहा इंची कटथ्रोट लागला होता, तो काठाशी आणत होता. मी जाळी धरून गुडघाभर पाण्यात. माझ्या पायांपासून हातभरावर पाण्यातून काहीतरी करडं वर आलं आणि कटथ्रोट आडवा तोंडात धरला. शांतपणे. झटका नाही, शिंतोडे नाहीत, कुत्रा काठी धरतो तसा. डोळा दिसत होता. तो मासा जवळजवळ मिनिटभर तसाच आमच्यासमोर राहिला, रॉड वाकलेला, मित्र श्वास रोखून. मग त्याने तोंड उघडलं आणि मागे सरकत खोल पाण्यात गेला. कटथ्रोटच्या दोन्ही बाजूंना दातांच्या ओळी उठल्या होत्या. त्या डोहावर मी आधी निदान चाळीस वेळा गळ टाकला होता. मासा तिथेच होता, मी त्याच्या जेवणाचा विचार केला नव्हता.

महिन्यांबद्दल उद्या लिहितो.

रानवाटा | ५ जुलै, सकाळी ८:०५

सुंदर माहिती, कातळकडा. पण नद्यांची नावं द्या ना. "थंड पाणी शोधा" म्हटलं तरी रॉकीजमध्ये थंड पाणी सगळीकडेच आहे. एडमंटनहून निघून चार-पाच तास गाडी चालवायची आणि चुकीच्या ओढ्यावर दिवस घालवायचा, दोन लहान पोरं बरोबर असताना हे परवडत नाही. धागा जागांचा आहे तर जागा लिहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

कातळकडा | ५ जुलै, रात्री १०:२२

रानवाटा, तुमची अडचण खरी आहे. म्हणून मोठ्या नद्यांची नावं लिहितो, ती सगळ्यांना माहीत आहेत. अल्बर्टात ओल्डमनचा वरचा भाग, कॅसल, हायवुड, रेड डिअर आणि नॉर्थ सस्कॅचवान यांचे वरचे टप्पे. एडमंटनहून तुम्हाला शेवटची सोयीची. ब्रिटिश कोलंबियात एल्क आणि कूटनी. एल्कवर वेगळा क्लासिफाइड परवाना लागतो, बाहेरच्या प्रांतातून येणाऱ्यांना तो दिवसागणिक घ्यावा लागतो, म्हणजे तारीख आधी ठरवून या. तिथल्या सगळ्या नद्या-ओढ्यांवर एकच, बार्ब (गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा) नसलेला गळ हा नियम आहे.

उपनद्यांची नावं मात्र मी लिहिणार नाही, आणि कारणही स्पष्ट सांगतो. मोठा मासा उन्हाळ्याच्या शेवटी ज्या ओढ्यात चढतो तो कधीकधी उडी मारून ओलांडता येईल एवढाच असतो. नदीच्या शंभर-दीडशे किलोमीटर टप्प्यातले मोठे मासे त्या एका ओढ्याच्या दोन-तीन डोहांत गोळा होतात. इंटरनेटवर एकदा नाव आलं की दोन हंगामांत तिथे पायवाट पडते. माझ्या डोळ्यांसमोर एका ओढ्याचं असं झालंय. त्यामुळे मुख्य नदीवर राहा. मोठा मासा तिथेही असतो, आणि तिथे तो धडधाकट, खाण्यावर असतो.

आता महिने. मे-जून बर्फ वितळतं, नदी चहाच्या रंगाची होते, तेव्हा जायचं कष्ट घेऊ नका. पाणी निवळतं जुलैच्या मध्याला. नदीच्या प्रवाहाचे ताजे आकडे सरकारी साइटवर रोज मिळतात, अल्बर्टा रिव्हर्स हे ॲपही आहे. आलेख चढता असेल तर घरी बसा, उतरून सपाट झाला की तिसऱ्या दिवशी निघा. जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य या काळात मासे मुख्य नदीतून वर सरकत असतात, संगमाखालच्या डोहांत दोन-चार दिवस मुक्काम करतात. तुमच्यासाठी हाच काळ. सप्टेंबरात मी उपनद्यांकडे फिरकत नाही, बऱ्याच तर कायद्यानेच बंद असतात. ऑक्टोबरात अंडी घालून मासे खाली येतात, भुकेले आणि रोडावलेले. तेव्हाच व्हाइटफिशची वीण सुरू होते आणि बुल ट्राऊट त्यांच्या मागे असतात. जिथे नियम परवानगी देतात तिथे हा काळ फार चांगला, पण मासा आधीच थकलेला आहे हे ध्यानात ठेवून कमी मासे धरावेत.

वेळ: पहाट, संध्याकाळ किंवा ढगाळ दिवस. भर उन्हात तो ओंडक्याखालून हलत नाही.

मृद्गंध | ६ जुलै, सकाळी ६:५०

मी मिसुला, मोंटाना इथे राहते. कामाने मत्स्यशास्त्राशी संबंध आहे, आणि दर शरद ऋतूत माशांनी अंडी घालायला केलेली खळगी मोजायला आम्ही ओढे चालत जातो, म्हणून दोन गोष्टी जोडते.

मादी शेपटीने रेव उकरते. वर्षभर शेवाळलेले गोटे उलटतात आणि ओढ्याच्या तपकिरी तळात एक स्वच्छ, फिकट लंबगोल दिसायला लागतो. कधी हातभर, कधी दीड-दोन मीटर लांब. वरच्या टोकाला खळगा, खालच्या टोकाला उंचवटा. अंडी त्या उंचवट्यात असतात. ती हिवाळाभर रेवेत राहतात, पिल्लं वसंतात बाहेर येतात, म्हणजे सहा-सात महिने. एवढ्या काळात एका माणसाने त्यावरून चालत जाणं अंडी चिरडायला पुरेसं असतं. सप्टेंबरपासून पुढे पाण्यात चालताना तळाकडे बघा, फिकट पट्टा दिसला तर काठावरून वळसा घाला. तुमच्या लेकीलाही हे ओळखायला शिकवा, मुलांना ते पटकन दिसतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तरही देते. तो मासा दहा-बारा वर्षांचा सहज असू शकतो. पाच वर्षांचा झाल्याशिवाय सहसा अंडी घालत नाही, आणि पुष्कळदा वर्षाआड घालतो. म्हणून एक मोठी मादी गेली तर ओढ्याला ते लवकर भरून काढता येत नाही.

सीमेच्या या बाजूला येणाऱ्यांसाठी: अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हा मासा १९९९ पासून "धोक्यात" या यादीत आहे. मोंटानात मोजक्या ठिकाणांखेरीज मुद्दाम त्याच्या मागे जाणंच बेकायदा आहे. अपवादांपैकी एक म्हणजे फ्लॅटहेड नदीचा साउथ फोर्क, म्हणजे दक्षिणेकडची शाखा. त्यासाठी वेगळं नोंदणीकार्ड लागतं आणि काळही ठरलेला असतो. तिथे मासे टिकले त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फ्लॅटहेड तलावात १९०५ साली बाहेरून लेक ट्राऊट आणून सोडले. पुढे वरच्या तलावांत माशांना खाणं म्हणून मायसिस जातीची कोळंबी सोडली, ती वाहत १९८० च्या सुमारास फ्लॅटहेडमध्ये पोचली. तिच्यावर लेक ट्राऊटची पिल्लं पोसली गेली, त्यांची संख्या बेसुमार वाढली आणि बुल ट्राऊट कोसळला. साउथ फोर्कवर मात्र १९५३ साली हंग्री हॉर्स धरण पुरं झालं होतं. एरवी धरणं या माशाची वाट अडवून त्याला मारतात, इथे धरणानेच लेक ट्राऊटला वर येऊ दिलं नाही.

नाना बिरवाडीकर | ६ जुलै, रात्री ८:३०

ओढ्याकाठचा, तुम्ही महाडचे म्हणून लिहितो आहे. मी बिरवाडीकडचा, वय ७१. तुम्ही वाळणकोंड पाहिला असेलच. काळ नदीचा तो डोह, वरदायिनीचं ठाणं, आणि पाण्यात महाशीर. आम्ही लहान असताना चणे-कुरमुरे टाकायचो, मासे हाताशी येऊन खायचे. देवीचे मासे म्हणून कोणी गळ टाकत नाही, दुष्काळातही टाकला नाही. बाकी नदीत महाशीर दिसायचा बंद झाला, तिथे राहिला.

तुम्ही मंडळी या माशाची एवढी काळजी करता, त्याचं वय जाणता, अंड्यांवर पाय पडू नये म्हणता. मग गळ तरी का टाकता? खायचा असेल तर मला समजतं. खायचा नाही, सोडायचाच आहे, तर त्याच्या ओठात लोखंड का घालायचं? मी रागाने विचारत नाही, समजून घ्यायचंय.

ओढ्याकाठचा | ६ जुलै, रात्री ११:१५

नाना, नमस्कार. वाळणकोंडाला आजीबरोबर दर वर्षी जायचो. तुमचा प्रश्न वाचून दोन तास लिहीत-खोडत बसलो होतो. मला स्वतःला नीट उत्तर देता येत नाही. एवढंच सांगतो, पुलावरून तो मासा दिसला त्या दिवशी माझ्याकडे रॉड होता म्हणून मी तिथे होतो. गळ टाकायला शिकलो नसतो तर सावित्रीतही मी वाकून पाहिलं नसतं.

कातळकडा | ७ जुलै, पहाटे ५:३०

नाना, तुमच्या प्रश्नाला बगल देणार नाही. सोडलेल्या माशांपैकी काही मरतात. नीट हाताळले तर फार थोडे, उन्हाळ्यात वेडंवाकडं हाताळले तर पुष्कळ. हे ज्याला मान्य नाही त्याने गळ टाकू नये असं माझंही मत आहे.

दुसरी बाजू अशी. शंभर वर्षांपूर्वी इथे हा मासा कुचकामी समजत. कटथ्रोट खातो म्हणून धरून काठावर फेकून देत. भूक मोठी असल्याने तो कशालाही गळाला लागतो, त्यामुळे रस्ता पोचला की त्या ओढ्यातून तो संपायचा. अल्बर्टातल्या कनॅनास्किसच्या खालच्या तलावात १९९२ साली अंडी घालणारे मोठे मासे साठच्या आसपास उरले होते. मासा ठेवायला बंदी झाली आणि २००० पर्यंत ते सोळाशेच्या वर गेले. त्या काळात गळ टाकणं बंद नव्हतं, ठेवणं बंद होतं. १९९५ पासून अख्ख्या अल्बर्टात तोच नियम झाला आणि त्याच वर्षी हा प्रांताचा मासा म्हणून जाहीर झाला. वाळणकोंडात देवीने केलं ते इथे नियमाने झालं. पण नियम पाळतंय का हे बघायला इथे ओढ्यावर माणूस लागतो, आणि तिथे जाणारी माणसं बहुतेक गळवालेच.

तुमचं समाधान होईल असं नाही.

नाना बिरवाडीकर | ७ जुलै, दुपारी १२:१०

समाधान पुरतं झालं नाही, पण उत्तर सरळ दिलंत. साठाचे सोळाशे हे ऐकून बरं वाटलं. वाचत राहीन.

शलाका | ८ जुलै, रात्री ९:०२

ओरेगॉनमधून लिहिते. आमच्याकडे मेटोलियस ही नदी डोंगराच्या पायथ्यातून, जमिनीतून थेट झऱ्याने निघते. उगमापाशी उभं राहिलं तर आधी काहीच नसतं आणि दहा पावलांवर नदी वाहत असते. झऱ्याचं पाणी, म्हणून भर ऑगस्टातही हात घातला की बोटं दुखतात. बुल ट्राऊट खालच्या बिली चिनूक जलाशयातले कोकनी (समुद्रात न जाणारे छोटे सॅल्मन) खाऊन मोठे होतात आणि नदीत वर येतात. पाणी काचेसारखं असल्याने सगळं दिसतं, मासा तुम्हालाही बघत असतो. काठावर उभं राहून दिसणारा मासा मिळत नाही हे मी तीन वर्षांत शिकले. डोहाच्या बऱ्याच वरून, गुडघे टेकून, जड स्ट्रीमर (छोट्या माशासारखा दिसणारा पिसांचा गळ) आधी तळाला बसू द्यायचा आणि मग ओढायचा.

ओढ्याकाठचा, तुमच्या लेकीसाठी एक: आठ वजनाचा रॉड (हा किलोंचा नाही, रॉडच्या ताकदीचा क्रमांक) दिवसभर फेकणं तेरा वर्षांच्या खांद्याला जड जातं. माझ्या भाचीला मी सात वजनाचा आणि आखूड सिंक-टिप (टोक बुडणारी दोरी) दिली होती, तेवढं पुरलं.

ओढ्याकाठचा | ९ जुलै, सकाळी ७:४४

शलाकाताई, सात वजनाचा उधार मिळतोय एका मित्राकडून. स्ट्रीमर कोणते घेऊ? आणि लीडर, म्हणजे दोरी आणि गळ यांमधला पारदर्शक धागा?

कातळकडा | ९ जुलै, रात्री ८:५०

बोटापेक्षा लांब, दहा ते पंधरा सेंटिमीटर. निवळ पाण्यात पांढरा किंवा ऑलिव्ह, गढूळसर असेल तर काळा. लीडर आखूड, चार फूट पुरे, पंधरा पौंडी. बारीक लीडर लावून मासा दमवत बसणं ही त्याच्याशी क्रूरता आहे, जाड लावा आणि लवकर आणा. बार्ब पक्कडीने दाबून टाका. जाळी रबराचीच. मासा जाळीत, जाळी पाण्यात. फोटो हवा तर आधी कॅमेरा तयार, मग तीन सेकंद वर. हात ओले. पाणी १५ दाखवायला लागलं की मी रॉड आवरतो.

अस्वलाचा स्प्रे पट्ट्याला, पिशवीत नको. संगमाचे डोह ग्रिझलीलाही आवडतात. बोलत चाला, टाळ्या वाजवत चाला.

रानवाटा | १० जुलै, सकाळी ९:३०

आधीच्या प्रतिसादात मी जागांची नावं मागितली होती. ती मागणी मागे घेतो, आणि का ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी पैसे देऊन एका गाइडबरोबर गेलो होतो. कोण ते लिहीत नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्याने आम्हाला अशा ओढ्यावर नेलं जिथे घोट्याएवढ्या पाण्यात मोठे मासे जोडीजोडीने उभे होते, पाठी पाण्याबाहेर. दिवसभरात सात धरले. मी खूश होतो, फोटो घरात लावले. मृद्गंध यांनी खळग्यांचं वर्णन केलंय ते वाचून फोटो पुन्हा काढून बघितले. माझ्या बुटांखाली तोच फिकट पट्टा आहे. फोटो उतरवला.

मृद्गंध | १० जुलै, दुपारी १:०५

रानवाटा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमच्या मोजणीला सप्टेंबर-ऑक्टोबरात माणसं कमी पडतात. तुमच्या बाजूलाही अशा मोजण्या होतात, कधी जमलं तर जाऊन बघा.

ओढ्याकाठचा | ७ ऑगस्ट, रात्री १०:३८

मंडळी, जाऊन आलो. तीन दिवस, मी आणि लेक, ओल्डमनच्या वरच्या टप्प्यात.

पहिला दिवस फुकट घालवला. जुन्या सवयीने दिसेल त्या सुंदर धारेवर गळ टाकला. लेकीने आठवण केली, "बाबा, थर्मामीटर बॅगेतच आहे." दुपारी दोनला पाणी १६. रॉड आवरले आणि उरलेला दिवस नुसते काठाने वर चालत गेलो, दर संगमाला थांबून थर्मामीटर बुडवत. वहीत तिने आकडे लिहिले: १५, १६, १५, १५, आणि मग एकदम ११. पाचवा ओढा म्हणजे अल्डरच्या झुडपांतून येणारी हातभर रुंद पाण्याची पट्टी. मी एकटा असतो तर पाहिलाही नसता. त्याच्या खाली साठेक पावलांवर नदी एका कातळाला धडकून वळते, तिथे डोह, आणि डोहाच्या तोंडाशी दोन मोठी झाडं आडवी अडकलेली. आम्ही तिथे गळ टाकला नाही. काठावर बसून पोळीचा रोल खाल्ला. डोहाच्या शेपटीकडे व्हाइटफिश उलटेपालटे होऊन चमकत होते. अर्ध्या तासाने ते सगळे एकदम बाजूला झाले, मधून कोणीतरी गेल्यासारखे. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तिथे. ढगाळ, पाणी ९. वरून गुडघे टेकून (शलाकाताई, आभार), पांढरा स्ट्रीमर. लेकीचे पहिले बारा-पंधरा फेक झाडांच्या अलीकडेच पडले. मग एक नीट पडला. तिने दहा आकडे मोजून बुडू दिला आणि दोनदा ओढला. तिसऱ्यांदा ओढायला गेली तर दोरी हलेना. ती म्हणाली, "अडकलं." मग ते अडकलेलं डोहाच्या पलीकडे चालायला लागलं.

उडी नाही, काही नाही. नुसतं वजन. दोनदा झाडांकडे गेला, दोन्ही वेळा तिने रॉड पाण्याशी आडवा करून वळवला, मी हात लावला नाही. चार-पाच मिनिटं लागली असतील. जाळीत अर्धाच मावला. रॉडवर आधीच खुणा केल्या होत्या, पाण्यातच लावून पाहिलं: ७१ सेंटिमीटर. पाठ ऑलिव्ह, अंगावर फिकट गुलाबी-पिवळे ठिपके, डोकं अंगाच्या मानाने मोठं. पाठीचा पर स्वच्छ. जबड्याच्या कोपऱ्यात एक जुना, भरलेला व्रण होता. म्हणजे आधीही कोणीतरी याला धरून सोडलं होतं.

फोटो काढलाच नाही, दोघांचेही हात त्याच्याखाली होते. लेकीने शेपटीच्या मुळाशी धरून तोंड प्रवाहाकडे केलं. गार पाण्याने तिची बोटं लाल झाली तरी सोडेना. शेवटी त्यानेच एक हिसका दिला आणि सरळ खाली गेला.

मग आम्ही त्या डोहावर पुन्हा गळ टाकला नाही. तिसऱ्या दिवशी दुसरीकडे गेलो, दोन मध्यम मिळाले.

कातळकडा | ८ ऑगस्ट, पहाटे ५:१०

७१! आणि स्वतः शोधलेल्या जागेवर. लेकीचं अभिनंदन. ती वही जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच तारखांना तेच संगम पुन्हा मोजा.

नाना बिरवाडीकर | ८ ऑगस्ट, दुपारी १२:४५

वाचलं. घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मासा सोडल्यावर पोर काय म्हणाली ते लिहिलं नाहीत.

ओढ्याकाठचा | ८ ऑगस्ट, रात्री ९:२०

नाना, बराच वेळ काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, डिसेंबरात महाडला गेलो की मला त्या देवीच्या डोहावर ने. रॉड नको, चणे घेऊ.